मुनीम, मालमोटार आणि संगणक

कळंबोली असो, निगडीची वाहतूकनगरी असो किंवा भिवंडीच्या गोदामांमधली एखादी गल्ली असो, माल वाहतूकदाराची कचेरी सहसा एकाच घाटाची असते. दर्शनी भागात वजनकाटा आणि गाठींचा ढीग, त्यामागे काउंटर, काउंटरमागे देवाची तसबीर आणि तसबिरीखाली बसलेला मुनीम. त्याच्यापुढे कार्बन घातलेले बिल्टीबुक असे. माल पाठविणारा कोण, घेणारा कोण, नग किती, वजन किती, भाडे भरलेले की माल पोचल्यावर मिळावयाचे, एवढे चारसहा ओळींत लिहून त्याने खाली सही केली की व्यवहार पुरा होई. त्या कागदाची एक प्रत व्यापाऱ्याकडे, एक चालकाकडे, एक कचेरीत. देशातील लक्षावधी रुपयांचा माल वर्षानुवर्षे या कार्बन कागदाच्या भरवशावर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेला.

या मुनिमाला कोणी कोणत्या शाळेत शिकविले नव्हते. तो हमालीच्या हिशेबापासून चढत चढत गादीवर आलेला असे. कोणत्या व्यापाऱ्याचा धनादेश वटतो, कोणत्या गावी रात्री गोदाम उघडत नाही, पावसाळ्यात कोणत्या घाटात मोटार अडकते, आणि मुलुंडच्या किंवा दहिसरच्या जकात नाक्यावर कोणता कागद आधी पुढे करावा, हे त्याला तोंडपाठ असे. मोल्सवर्थच्या कोशात 'हुंडेकरी' हा शब्द आहे. वाटेवरील जकातीसह सारा खर्च अंगावर घेऊन ठरीव रकमेत माल पोचविणारा, असा त्याचा आशय. म्हणजे केवळ गाडी हाकणे हा या धंद्याचा गाभा कधीच नव्हता. वाटेत सरकार जे जे मागेल ते ते पुरे करून माल सुखरूप पोचविणे, हा होता. मुनीम हा त्या विद्येचा वारस.

ही विद्या अवघ्या एका वर्षात निरुपयोगी झाली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि त्याबरोबर मुंबईची जकातही गेली. राज्यांच्या सीमेवरील विक्रीकराची तपासणी ठाणी उठली. नाक्यावर तासन्‌तास खोळंबणाऱ्या मोटारी मोकळ्या झाल्या, ही गोष्ट वाहतूकदारांच्या हिताचीच होती आणि ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु नाका गेला म्हणून सरकारची नजर गेली नाही. ती रस्त्यावरून उठून संगणकात जाऊन बसली. १ फेब्रुवारी २०१८ रोजी ई-वे बिलाची पद्धत सुरू करण्याचा पहिला प्रयत्न झाला. त्या दिवशी यंत्रणाच कोलमडली आणि बेत पुढे ढकलावा लागला. १ एप्रिल २०१८ पासून मात्र आंतरराज्य वाहतुकीसाठी ती लागू झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातील अंतर्गत वाहतुकीलाही. पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल (राज्यांतर्गत वाहतुकीस महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाख आहे) संगणकावर नोंद झाल्यावाचून रस्त्यावर आणता येत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका महिन्यात निघालेल्या अशा बिलांची संख्या प्रथमच १० कोटींच्या वर गेली.

दहा कोटी बिले निघतात म्हणजे ती काढणारे कोणी तरी आहेत, आणि त्यांना ती काढता येतात. मग प्रश्न उरतो कोठे, असे सहजच कोणी विचारील. प्रश्न उरतो तो याच्या तपशिलात.

दोन भागांचे एक बिल

ई-वे बिलाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात मालाचे, विक्रेत्याचे, खरेदीदाराचे आणि बीजकाचे तपशील असतात; ते बहुधा व्यापारी भरतो, आणि व्यापाऱ्याकडे त्यासाठी हिशेबनीस असतो. दुसऱ्या भागात मालमोटारीचा क्रमांक येतो. हा भाग भरला की बिलाचे आयुष्य मोजू लागतात. आरंभी शंभर किलोमीटरला एक दिवस असा हिशेब होता. १ जानेवारी २०२१ पासून दोनशे किलोमीटरला एक दिवस झाला. वाटेत मोटार बिघडली आणि माल दुसऱ्या मोटारीत चढविला, तर दुसऱ्या भागात नवा क्रमांक घालावयाचा. मुदत संपत आली आणि माल अजून वाटेवर असला, तर संपण्यापूर्वीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढ्याच अवधीत ती वाढवून घ्यावयाची. पहिल्या भागात चूक राहिली तर ती दुरुस्त होत नाही. चोवीस तासांच्या आत ते बिल रद्द करून नवे काढावे लागते. दुसऱ्या भागातील मोटारीचा क्रमांक मात्र मुदत असेपर्यंत कितीही वेळा बदलता येतो.

हे नियम वाचावयास अवघड नाहीत. शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलाला ते तासाभरात समजतील. पण मोटार बिघडते ती रात्री दोन वाजता, कन्नडच्या घाटात. कचेरीला कुलूप असते, पासवर्ड ज्याला ठाऊक तो घरी झोपलेला असतो, आणि नवा क्रमांक घालावा लागतो हे चालकाला कोणी सांगितलेले नसते. तो बिचारा माल दुसऱ्या मोटारीत चढवून निघतो. पुढे तपासणी पथकाने मोटार अडविली की कागदावरचा क्रमांक एक आणि समोरच्या मोटारीचा दुसरा. कायद्याच्या कलम १२९ नुसार माल आणि वाहन दोन्ही अडकतात. १ जानेवारी २०२२ पासून मालाच्या मालकास, तो पुढे आला तर, कराच्या दुप्पट दंड आहे. मालाच्या मालकाने दंड भरला नाही, तर आपली मोटार सोडवून घेण्यासाठी वाहतूकदाराला तो दंड किंवा एक लाख रुपये, यांतील जी रक्कम कमी असेल ती भरावी लागते. एकदोन मोटारी असलेल्या आणि त्यांचे हप्ते फेडीत असलेल्या माणसाला हा पैसा उभा करणे म्हणजे काय, हे सांगावयास नको.

येथेच ज्ञानाची किंमत कळते. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने १४ सप्टेंबर २०१८ रोजी एक परिपत्रक काढले. मोटारीच्या क्रमांकातील एकदोन अक्षरे वा आकडे चुकले, पिनकोड चुकला, नावाच्या वर्णलेखनात चूक झाली पण नोंदणी क्रमांक बरोबर आहे, अशा किरकोळ चुकांसाठी कलम १२९ लावू नये. केंद्राचे पाचशे आणि राज्याचे पाचशे असा एकूण हजार रुपये दंड घेऊन मोटार सोडावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ज्याला हे परिपत्रक ठाऊक आहे, त्याची मोटार हजार रुपयांत सुटू शकते. ज्याला ठाऊक नाही, तो तडजोडीस तयार होतो. ही तडजोड कोणाशी आणि कशी होते, याचा तपशील या पानावर देण्याची गरज नाही.

तेलंगणातील एक प्रकरण तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जानेवारी २०२० मध्ये कागदाचा माल घेऊन निघालेले एक लहान वाहन आंदोलनामुळे झालेल्या वाहतूक कोंडीत अडकले. मध्यंतरी बिलाची मुदत संपली, आणि अधिकाऱ्याने माल अडवून कर व दंड मिळून ६९ हजार रुपये वसूल केले. व्यापारी उच्च न्यायालयात गेला. मुदत संपली एवढ्यावरून कर चुकविण्याचा हेतू गृहीत धरता येत नाही, असे म्हणून न्यायालयाने ती रक्कम परत करावयास लावली आणि अधिकाऱ्याला १० हजार रुपये खर्चही लावला. सरकार त्याविरुद्ध वर गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये खर्चाची रक्कम आणखी ५९ हजारांनी वाढविली. निकाल उत्तम लागला. पण ६९ हजारांसाठी दोन न्यायालयांच्या पायऱ्या चढणारे व्यापारी किती निघणार? त्या वाहनाच्या चालकाला मुदत वाढविण्याचा नियम ठाऊक असता आणि त्याच्या एका दूरध्वनीने कचेरीतील कोणी तरी ती वाढविली असती, तर हे सारे प्रकरण उद्भवलेच नसते.

शिकविले कोणी?

यंत्रणा आली, पण ती वापरावी कशी हे शिकविण्याचे काम कोणाचे, हे कधी ठरलेच नाही. सरकारने पुस्तिका काढल्या, चित्रफिती केल्या, व्यापारी संघांच्या सभागृहांत व्याख्याने झाली. त्यांचा लाभ ज्यांच्याकडे आधीच सनदी लेखापाल होते त्यांना झाला. वाहतूकदाराच्या कचेरीत मात्र शिक्षणाची व्यवस्था आपोआप झाली, म्हणजे झालीच नाही. मालकाचा बारावीतला मुलगा, शेजारच्या झेरॉक्स दुकानातील पोरगा, किंवा नगामागे पाच-पन्नास रुपये घेऊन 'ऑनलाइन'ची कामे करून देणारा टपरीवाला, हे या क्षेत्राचे प्राध्यापक झाले. ते बटणे दाबावयास शिकले आणि तेवढेच इतरांना करून देऊ लागले. वाहनाचा कर, परवान्याचे नूतनीकरण, ई-चलान, फास्टॅगचा भरणा ही सारी कामे त्याच टपरीवर होतात. जुना नाक्यावरचा दलाल गेला आणि नवा दलाल पडद्यामागे आला, एवढाच फरक झाला असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल. पण फार मोठी होणार नाही.

याच वाहतूक व्यवसायाचे दुसरे अंग पाहिले म्हणजे फरक डोळ्यांत भरतो. न्हावाशेवा बंदरातून माल आणणारे सीमाशुल्क दलाल हेही वाहतुकीच्याच साखळीतील लोक. सीमाशुल्क खात्याचा कारभार १९९५ पासून टप्प्याटप्प्याने संगणकावर गेला. २०२० साली तर मुंबईत आलेल्या मालाचे मूल्यांकन दुसऱ्या शहरातील अधिकारी करू लागले. हा बदल काही कमी गुंतागुंतीचा नव्हता. तरीही ते लोक त्यात बुडाले नाहीत, याचे एक कारण असे की, त्या धंद्यात परवाना मिळविण्यासाठी लेखी आणि तोंडी परीक्षा द्यावी लागते. कायदा, दर, कागदपत्रे आणि संगणकीय कार्यपद्धती यांचा अभ्यास केल्याखेरीज त्या धंद्यात शिरताच येत नाही. त्याच बंदराच्या फाटकाबाहेर कंटेनर उचलणाऱ्या मालमोटारीच्या मालकाला मात्र अशी कोणतीही परीक्षा नाही, अभ्यासक्रम नाही, पुस्तक नाही. प्रवासी वाहतुकीच्या बाबतीतही राज्यांच्या परिवहन उपक्रमांसाठी १९६७ साली पुण्याजवळ भोसरी येथे केंद्रीय सडक परिवहन संस्था उभी राहिली. मालमोटारीच्या कचेरीतील कारकुनासाठी तेवढ्या तोलामोलाचे काही उभे राहिले नाही. देशातील बहुसंख्य मालमोटारी ज्यांच्याकडे पाचापेक्षा अधिक वाहने नाहीत अशा मालकांच्या आहेत. त्यांचा एकत्रित आवाज संपाच्या वेळी ऐकू येतो, शिक्षणाच्या वेळी येत नाही.

खरा व्यापार भाड्याचा

आतापर्यंत जे सांगितले ते सरकारी कागदांविषयी झाले. इलेक्ट्रॉनिक व्यापार म्हणजे तेवढेच नव्हे. वाहतुकीत विकली जाणारी वस्तू एकच, ती म्हणजे मोटारीतील जागा. नागपूरला माल उतरविलेली मोटार रिकामी परत आली, तर इंधन आणि टोल दोन्ही मालकाच्या अंगावर पडतात. परतीचे भाडे मिळणे आणि न मिळणे यांवर महिन्याचा नफातोटा ठरतो. हे परतीचे भाडे मिळवून देणारा तो अडत्या, आणि त्याची अडत ही जुनी तक्रार. संगणकावर माल आणि मोटार यांची थेट गाठ पडली, तर अडत वाचेल आणि मोटार रिकामी धावणार नाही, ही कल्पना ऐकावयास इतकी सोपी आहे की ती कोणालाही मोहात पाडावी.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड येथे ज्युबिट्झ नावाचा एक मोठा ट्रकतळ आहे. तेथे १९७८ साली 'डायल-ए-ट्रक' नावाची सोय निघाली. कोठून कोठे माल जावयाचा आहे त्याच्या याद्या तळावरील पडद्यांवर झळकत, आणि कॉफी घेत बसलेला चालक त्या वाचून दूरध्वनी करी. फ्रान्समध्ये सरकारने घरोघरी दिलेल्या 'मिनीटेल' यंत्रांवर १९८५ साली 'टेलेरूट' नावाची भाड्याची बाजारपेठ सुरू झाली. इंटरनेट सामान्य लोकांच्या हाती येण्याच्या कितीतरी आधीच्या या गोष्टी आहेत. पोर्टलंडचे उदाहरण विशेष बोलके आहे. तेथे चालकाला कोणी वर्गात बोलाविले नाही. तो जेथे मुळात थांबतच होता, जेथे जेवत होता, तेथे ते यंत्र ठेवले, आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस ते कसे वापरतो हे पाहून तो शिकला.

भारतात २०१५ च्या सुमारास अशा कंपन्यांची लाट आली. त्याच वर्षी बंगळूरु येथे स्थापन झालेल्या 'ब्लॅकबक'चे समभाग नोव्हेंबर २०२४ मध्ये बाजारात आले. लक्ष देण्याजोगी गोष्ट अशी की, मोटारमालकांना माल मिळवून देण्याच्या घोषणेने पुढे आलेल्या या कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा भाग टोलचा भरणा आणि वाहनावर पाळत ठेवणारी उपकरणे यांतून येतो. माल आणि मोटार यांची गाठ घालणे हे टोल भरण्याहून कितीतरी कठीण ठरले. याचे कारण तंत्रात नाही. अडत्या जी अडत घेतो ती केवळ पत्ता सांगण्याची नसते. निघताना चालकाला डिझेलपुरती उचल देतो तो अडत्या. व्यापाऱ्याने भाडे बुडविले तर भांडावयास जातो तो अडत्या. मोटार माल घेऊन पळून गेली नाही याची हमी देतो तोही अडत्याच. पडद्यावर दिसणाऱ्या अनोळखी नावाची पत काय, हे पडदा सांगत नाही. म्हणूनच बहुतेक ठिकाणी अडत्याने स्वतःच व्हॉट्सअपचा गट काढला आणि त्याच गटावर तो पूर्वीचीच अडत घेऊ लागला.

येथे प्रशिक्षणाचा खरा विषय लागतो. लहान मालकाला मोबाइल वापरता येत नाही असे नाही. तो चालकाशी त्यावर चित्रसंवाद करतो, टोलचा हिशेब पाहतो. त्याला येत नाही ते वेगळेच आहे. किलोमीटरला आपला खर्च नेमका किती येतो, हे बहुतेकांनी कधी कागदावर मांडलेले नसते. डिझेल, टोल, टायरची झीज, हप्ता, विमा, चालकाचा भत्ता आणि वाराई ही सारी जमेस धरून तळाचा दर काढता येत नसेल, तर पडद्यावरच्या लिलावात तो माणूस शेजाऱ्यापेक्षा दोन रुपये कमी बोलणार आणि तोट्यात माल उचलणार. दर उघड झाले की ते खाली येतात, हा बाजाराचा नियम आहे. स्वतःचा हिशेब ठाऊक नसलेल्याच्या हाती इलेक्ट्रॉनिक बाजार देणे म्हणजे त्याला अधिक वेगाने बुडण्याची सोय करून देणे होय. 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही घोषणा वाहतूकदार वर्षानुवर्षे देत आले. ती अट बोली लावतानाच करारात लिहून घ्यावी लागते, हे मात्र त्यांना कोणी शिकविलेले नाही.

तीच गोष्ट कायद्याची. १८६५ चा जुना वाहक कायदा जाऊन २००७ चा रस्ता वाहतूक कायदा आला आणि २०११ साली त्याचे नियम आले. पाठविणाऱ्याने मालाची अधिक किंमत लिहून दिली नसेल, तर नुकसानीबद्दल वाहकाची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित असते. दावा लावण्यापूर्वी १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. बिल्टी कोण देतो, यावर वस्तू व सेवा कराच्या दृष्टीने कोण वाहतूक एजन्सी आणि कोण केवळ मोटारमालक हे ठरते. छापील बिल्टीच्या मागे या अटी बारीक अक्षरांत असत. त्या कोणी वाचीत नसे. इलेक्ट्रॉनिक करारात 'मान्य आहे' या शब्दांवर बोट ठेवले की त्या मान्य होतात, आणि अक्षर बारीक असल्याची सबबही उरत नाही.

मग पैशाचा प्रश्न. माल पोचल्याची सही असलेला कागद, म्हणजे 'पोच', चालकाबरोबर परत आल्यावाचून उरलेले भाडे निघत नाही. चालक पुढच्या भाड्याला निघून गेला की पोच त्याच्या पिशवीत पंधरा दिवस हिंडते. मग बिल, मग दोनतीन महिन्यांची प्रतीक्षा. मालकाने त्या काळात व्याजाने पैसा उचललेला असतो. उतरविल्या जागी पोचेचे छायाचित्र काढून त्याच दिवशी बिल पाठविणे हे इलेक्ट्रॉनिक व्यापारातील सर्वांत साधे आणि कदाचित सर्वांत फायद्याचे काम आहे. त्यासाठी कोणत्याही कंपनीच्या दारात जावे लागत नाही. फक्त छायाचित्रात सही, शिक्का, तारीख आणि नगांचा आकडा स्पष्ट दिसला पाहिजे, आणि तुटीचा शेरा असेल तर तोही झाकला जाता कामा नये. एवढे चालकाला बसवून एकदा शिकविले पाहिजे.

चालकाचा विचार करताना एक गोष्ट विसरता येत नाही. व्यावसायिक वाहन चालविण्यासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ साली काढून टाकण्यात आली. बेकार तरुणांना काम मिळावे हा हेतू होता आणि तो वाईट नव्हता. परंतु ज्या वर्षांत वाचल्याशिवाय पाऊल टाकता येऊ नये अशी या धंद्याची अवस्था झाली, त्याच वर्षांत वाचता येण्याची अट गेली. परवाना आणि नोंदणीपुस्तक मोबाइलवर दाखविले तरी चालते, हे केंद्र सरकारने २०१८ च्या अखेरीस जाहीर केले. किती चालकांना ते ठाऊक आहे, आणि ठाऊक असले तरी पोलिसासमोर तसे म्हणण्याचे धैर्य किती जणांत आहे? उलट, खोट्या ई-चलानचा संदेश धाडून मोबाइलमध्ये घातक प्रणाली उतरवावयाची आणि बँकेतील पैसा काढून घ्यावयाचा, हा भामटेपणा मात्र त्यांच्यापर्यंत बिनचूक पोचला. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातील वाहतूकदारांनी ई-चलानविरुद्ध संप पुकारला. त्यांच्या मागण्या योग्य की अयोग्य हा वेगळा विषय; पण ज्या यंत्रणेचे नियम कळत नाहीत ती जुलमीच वाटते, हे त्या रागामागचे एक कारण होते.

वर्ग कोठे भरवावा

नवी पिढी हे सारे आपोआप शिकेल, त्यासाठी सरकारी वर्ग कशाला, असे म्हणणारा एक पक्ष आहे. दुसरा पक्ष म्हणतो, लहान मालक या स्पर्धेत टिकणारच नाही. मोठ्या कंपन्या येतील, त्यांचे कारकून शिकलेलेच असतील. दोन्ही युक्तिवादांत तथ्याचा अंश आहे. पण पहिला युक्तिवाद बटणे दाबण्याला शिक्षण समजतो. दुसरा तर एका मोठ्या वर्गाचे दिवाळे निघणार हे गृहीत धरूनच पुढे चालतो. जो मुनीम चाळीस वर्षे व्यापाऱ्यांची पत ओळखत आला, त्याच्याइतके त्या विषयातले ज्ञान कोणत्याही संगणकतज्ज्ञाजवळ नाही. त्याला बाजूला सारून त्याच्या जागी वीस वर्षांचा मुलगा बसविला की कचेरीत यंत्र चालते आणि व्यवहार फसतो. मुनिमाला यंत्राची आणि मुलाला व्यवहाराची अशी दोघांना एकमेकांची विद्या मिळेल, असाच वर्ग हवा.

लॉजिस्टिक्सच्या कौशल्यांसाठी स्वतंत्र परिषद केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आहे, काही महाविद्यालयांत या विषयाची पदवीही निघाली आहे. त्या पदवीधरांना गोदामे आणि मोठ्या कंपन्या उचलून नेतात, हे स्वाभाविकच आहे. पण राज्यभरच्या वाणिज्य महाविद्यालयांत जे हजारो विद्यार्थी जमाखर्च शिकतात, त्यांच्यापुढे एक खरी बिल्टी, एक ई-वे बिल आणि एक भाड्याचे बिल ठेवून त्यांचा मेळ घालावयास का सांगू नये? ज्या प्राध्यापकाला हे करावयाचे आहे, त्याला नव्या अभ्यासक्रमाची वाट पाहावी लागत नाही. गावातल्या एखाद्या वाहतूकदाराकडे विद्यार्थ्यांना आठवडाभर पाठविले तरी पुरते. तेथे ते शिकतीलही आणि शिकवितीलही. जड वाहनांच्या मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी २०२१ साली अडतीस तासांचा अभ्यासक्रम ठरविण्यात आला. त्यांतले दोन तास मोबाइलवरील कागदपत्रांना, मुदतवाढीला आणि पोचेच्या छायाचित्राला दिले, तर गाडी चालविण्याच्या शिक्षणात काही उणे येणार नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रे आणि ध्वनी आहेत. त्यांच्या भाषेत, मग ती मराठी असो की भोजपुरी की राजस्थानी, ते बोलले गेले पाहिजे.

खर्चाचे म्हणाल तर १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांच्या हितासाठी मालकांकडून मजुरीवर ठरावीक टक्के वर्गणी घेण्याची पद्धत या राज्यात घालून दिली आहे. त्या मंडळांच्या कारभाराविषयी तक्रारी असतील, पण व्यवसायाने आपल्या माणसांसाठी व्यवसायातूनच पैसा काढावा हे तत्त्व येथे परके नाही. वाहतूकदारांच्या संघटनांनी तशी वर्गणी ठरविली, आणि टोल व इंधन विकणाऱ्या कंपन्यांनाही तीत ओढले, तर सरकारच्या अनुदानाकडे डोळे लावून बसण्याचे कारण उरणार नाही.

हे वर्ग तालुक्याच्या सभागृहात भरवू नयेत. तेथे हारतुरे होतील आणि चालक येणार नाहीत. ट्रकतळावर दुपारी दोन ते चार ही मंदीची वेळ असते. सकाळचा माल उतरलेला असतो, रात्रीची भरणी सुरू झालेली नसते, चालक मोटारीच्या सावलीत पडून असतात आणि मुनीम चहा घेत असतो. त्या वेळी चहाच्या दुकानाबाहेर एक फळा उभा करावा. पहिल्या दिवशी त्यावर एक ई-वे बिल मोठ्या अक्षरांत उतरवून त्यातील मोटारीचा क्रमांक मुद्दाम चुकीचा लिहावा, आणि तो मोटार निघण्यापूर्वी कसा दुरुस्त करावयाचा व वाटेत पकडला गेल्यास कोणते परिपत्रक दाखवावयाचे, एवढेच शिकवावे.